राखेने पुसलेली दुर्बीण

आमच्या घरात दुर्बीण आली ती जिताड्याच्या बदल्यात. त्या पावसाळ्यात उघाडीच्या जाळ्यात सापडलेला तो सगळ्यात मोठा जिताडा होता. आयेने सकाळीच त्याच्यासाठी मसाला वाटून ठेवला होता आणि मी डोक्याचा तुकडा कुणाच्या पानात पडणार या काळजीत होते. बाबांनी तो ओल्या गोणपाटात गुंडाळला, सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि सातिवलीच्या बाजूला निघून गेले. तिथे तेव्हा नुकते पत्र्याचे गाळे उभे राहायला लागले होते. एका गाळ्याच्या मागे जहाजांवरचं मोडकंतोडकं सामान विकणारा भंगारवाला बसायचा, आणि त्याला आमच्या खाडीच्या माशांचं भारी वेड. दुपारी बाबा परत आले ते गळ्यात सुतळीने अडकवलेलं एक काळं, जड धूड घेऊन. आये दारात उभी होती. तिने दुर्बिणीकडे पाहिलं, रिकाम्या गोणपाटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "जितारा घालवून डबा आनला. आता हाच शिजवते." त्या दिवशी आम्ही जिताड्याच्या मसाल्यात वांगी खाल्ली.

ही दुर्बीण कशाला लागत होती ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमचं गाव कामणच्या खाडीला लागून. गावाची भातशेती खाजणात, म्हणजे भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. खाडी आणि शेत यांच्यामध्ये एक मातीचा बांध, आणि त्या बांधात पाणी सोडायला-अडवायला लाकडी फळ्यांचं दार, तीच उघाडी. बांध शाबूत तर घरात तांदूळ. बांधाला खांड पडून खारं पाणी आत घुसलं की त्या वर्षीचं पीक तर गेलंच, वर पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात धरत नाही. म्हणून गावाने एक घर बांधाच्या राखणीला नेमलेलं असायचं. त्या घराने उधाणाच्या दिवसांत बांधावर नजर ठेवायची, आणि त्याबद्दल उघाडीच्या जाळ्यातला मासा त्या घराचा. आमच्या आज्यापासून राखण आमच्याकडे होती. दर होळीला गाव जमायचं आणि राखण कुणाकडे द्यायची ते ठरवायचं, पण आमच्या बाबतीत ठरवण्यासारखं काही नसायचंच. नारळ फुटायचा आणि सगळे होळीच्या गाण्यांकडे वळायचे.

घरामागच्या टेकडीच्या उतारावर बाबांची माची होती, चार वाशांवर बांधलेली, वर पेंढ्याचं छप्पर. तिथून सगळा बांध एका नजरेत यायचा. माचीच्या वाशाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. बांधाला धोका दिसला की बाबांनी त्याच्यावर हातोडा मारायचा आणि गावाने असेल तसं पळत यायचं. धोका म्हणजे लगेच पाण्याचा लोंढा नव्हे. चिंबोऱ्या बांधात बिळं करतात. मोठ्या भरतीचं पाणी त्या बिळात शिरतं आणि बांधाच्या आतल्या अंगाला पाझरतं. भादव्याच्या उन्हाने पांढऱ्या पडलेल्या मातीवर आधी एक काळा ओला डाग उठतो. तो तळहाताएवढा असताना दिसला तर चार पाट्या चिखलात काम भागतं. घोंगडीएवढा झाला की मग देवाचं नाव घ्यायचं. बाबांना असे डाग टेकडीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसायचे. उघाडीवर बगळा बसलाय की ढोकरी, हे ते माचीवरून सांगायचे. त्या माणसाला दुर्बीण कशाला लागावी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आयेला पडला होता, पण ती बोलली नाही.

दुर्बिणीतून मी पहिल्यांदा पाहिलं ते हट्ट करून. मला वाटलं होतं, डोळे लावले की खाडीपलीकडचा माणूस नाकातले केस मोजता येतील एवढा जवळ येईल. कसलं काय! डाव्या बाजूला कुणी तोंडाची वाफ सोडून ठेवल्यासारखं धुरकट. उजव्या काचेच्या आत बुरशी वाढलेली, बारीक बारीक धाग्यांचं जाळं, कोळ्याने विणावं तसं. दोन्ही डोळ्यांनी पाहावं तर दोन उघाड्या, एकीच्या खांद्यावर दुसरी बसलेली, आणि कपाळात अशी कळ यायची की मळमळावं. "बाबा, सगला दोन-दोन दिसतय," मी म्हटलं. "दोन डोलं हायत तर दोनच दिसनार," बाबा म्हणाले आणि हसले. ते एक डोळा मिटून पाहायचे, मग दुसरा मिटून. मधलं चाक पुढे फिरवायचे, मागे फिरवायचे. आतली ओल जावी म्हणून त्यांनी ती दुर्बीण उन्हात ठेवली, मग चुलीवरच्या शिंकाळ्यात टांगली, मग चार दिवस तांदळाच्या कणगीत पुरली. तिथून काढली तेव्हा तिच्या खाचांतून कोंडा निघाला, आणि धुरकटपणा होता तिथेच. "काचंत ढग हाय," बाबा म्हणायचे. त्या दिवसांत त्यांच्या तोंडी हे वाक्य सारखं असायचं. बांध नीट दिसला नाही, काचेत ढग. समोरून येणारा माणूस ओळखता आला नाही, तेव्हा दुर्बीण डोळ्यांना नसली तरी म्हणायचे, "त्या काचेनं डोलं दिपवलं माझं."

माझ्या मनात भीती कधी शिरली ते नेमकं सांगता येणार नाही. जेवताना शिरली असावी. आमच्या घरी रोज तांदळाची भाकरी आणि उघाडीतून जे येईल ते, बोयटं, निवट्या, कोलंबी, नशीब असेल तर चिंबोरीचं कालवण. बाबा बोयटाचे काटे गप्पा मारता मारता काढायचे, बघायचेसुद्धा नाहीत. आता ते गप्प बसून बोटांनी चाचपून काटे काढायला लागले होते. त्यांचा घास तोंडात जाईपर्यंत मी माझा घास हातातच धरून ठेवायचे. आये त्यांना न विचारता काटे काढून मासा वाढायला लागली. पूर्वी असं कुणी केलं असतं तर बाबांनी, "मी काय म्हातारा झालू काय?" म्हणून ताट सरकवलं असतं. आता मुकाट्याने खायचे. चहाचा कप खाली ठेवताना आधी बोटाने जमीन शोधायचे. मी हे सगळं पाहायचे आणि आयेकडे पाहायचे, आणि आये चुलीकडे पाहायची.

आणि एक खेळ होता. संध्याकाळी बाबा मला माचीवर घेऊन बसायचे. "सांग हिरू, उघाडीवर कोन बसलाय?" मी सांगायचे, दोन बगळे आणि एक बाई, शेण गोळा करतेय. "बांधाच्या पयल्या वलनावर काय हाय?" तिथे कोरडं आहे. "न दुसऱ्या?" कोरडं. बाबा मान हलवायचे, जणू ते मला शिकवत होते आणि माझं उत्तर बरोबर आलं होतं. मला कसली फुशारकी वाटायची! माणूस लेकीचे डोळे उसने मागतोय आणि लेक परीक्षेत पास झाल्यासारखी मिरवतेय. आता एव्हरशाईन सिटीत, चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसून हे लिहिते आहे. गेल्या वर्षी माझेच दोन्ही मोतीबिंदू काढले. सकाळी गेले आणि दुपारी जेवायला घरी. डॉक्टरीणबाई मला विचारत होत्या की आजी, घाबरलात का? मी म्हटलं, बाई, माझी घाबरायची ती वेळ केव्हाच होऊन गेली.

सर्वपित्रीच्या आधी दोन-तीन दिवस नारायणकाका आमच्या ओटीवर येऊन बसले. ते बांधाचे पंच, आणि त्यांची शेतं बांधाला अगदी लागून, म्हणजे पाणी आलं तर पहिलं त्यांच्याकडे. माणूस वाईट नव्हता, पण त्याला पोटात ठेवून बोलता यायचं नाही. "दामू," ते म्हणाले, "अवसेला लय मोठा उधान हाय. भात पोटरीतनं बाहेर आलाय. आता पानी घुसला तर गाव उपाशी." बाबा म्हणाले, "मना काय नवीन सांगतोस?" नारायणकाकांनी पान लावलं, तोंडात टाकलं, आणि मग म्हणाले, "नाय, पोरं बोलतात, परवा तू देवलाजवल त्यांच्या समोरनं गेलास न वलख नाय दिलीस. कोन बोलला दामूला दिसत नाय. मी त्याच्या कानाखाली वाजवली. पन तुना इचारतो, दिसतय ना?" घरात माझ्या हातातली सुपली थांबली. बाबांनी शेजारी ठेवलेली दुर्बीण उचलून मांडीवर घेतली. "ही हाय ना," ते म्हणाले. "जहाजावरची हाय. हिच्यात थोरा ढग हाय, तो साफ केला की खारीपल्यारचा पन दिसल." नारायणकाकांनी दुर्बिणीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि बरं म्हणून उठले. राखण गेली असती तर आम्ही काही उपाशी मेलो नसतो. पण राखण डोळ्यांपायी गेली असती, आणि मग त्या डोळ्यांना काय झालंय ते घरात मोठ्याने बोलावं लागलं असतं. गाव बुडायची भीती आणि हे बोलावं लागायची भीती, या दोन्ही आमच्या घरात एकाच चटईवर झोपत होत्या.

आयेने त्यावर आपल्या परीने उपाय काढला. अमावास्येच्या आदल्या दिवशी बाबा उघाडीच्या फळ्या बघायला गेले तेव्हा तिने दुर्बीण घेतली, अंगणात पाट टाकला आणि मला म्हणाली, "राख आन." आमच्याकडे कंदिलाची काच राखेने पुसायची रीत. चुलीतली राख वस्त्रगाळ करायची, चिंधीला लावायची, आणि काच अशी चोळायची की वात लावल्यावर घर उजळावं. काच म्हणजे काच, आयेच्या हिशोबी कंदिलाची काय आणि जहाजाची काय. दुर्बिणीच्या पुढची गोल पट्टी तिने फडक्यात धरून बरणीचं झाकण फिरवावं तशी फिरवली. ती आधीच कुणीतरी सैल केलेली असावी, कारण सहज निघाली, आणि मोठी काच आयेच्या ओच्यात पडली. त्या काचेवर जांभळट निळी झाक होती, मोरपिसासारखी. मला ती फार आवडायची. आयेने ती उन्हात धरली. "बग, रॉकेलचा डाग बसलाय," ती म्हणाली. "म्हनून दिसत नाय त्यांना." मग तिने राख घेतली आणि चोळायला सुरुवात केली. दोन्ही काचा, दोन्ही बाजूंनी, दातओठ खाऊन. निळी झाक जाईना तेव्हा चिंच लावली. शेवटी गेली. काचा पांढऱ्या, कंदिलासारख्या झाल्या. मग तिने दुर्बीण उलटी करून आतली धूळ झटकली, तेव्हा आत काहीतरी खट्कन हललं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. पट्टी पुन्हा नीट बसावी म्हणून तिने आट्यांना खोबरेल लावलं, काचा बसवल्या, पट्ट्या आवळल्या. काचेची कुठली बाजू बाहेर होती हे आम्हाला दोघींनाही आठवत नव्हतं.

आयेने मला पाहायला सांगितलं. मी डोळे लावले. आधी निदान दोन उघाड्या तरी दिसायच्या. आता नुसतं दूध होतं. दुधात काहीतरी हिरवं, काहीतरी करडं, कडेला तेलाचा ओघळ, आणि उन्हाकडे वळवली की सगळीकडे बारीक ओरखड्यांचा लखलखाट. मी चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. आयेने माझ्या हातातून घेऊन स्वतः पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग पदराने दुर्बीण बाहेरून पुसून खुंटीला लावली. तिचं तोंड उतरलं होतं, आणि मला तिच्यासाठी इतकं वाईट वाटलं की मी म्हणाले, "आये, सुकल्यावर दिसल."

बाबा आले. आये म्हणाली, "मी ती काच साफ केलीय. बगा." तिचा आवाज अगदी बारीक होता. आता ते ओरडतील म्हणून मी भिंतीशी सरकले. बाबांनी दुर्बीण काढली, अंगणात उभे राहिले, बांधाकडे तोंड करून डोळ्यांना लावली. चाक थोडं फिरवलं. आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं. "वा गं वा," ते म्हणाले. "ढग गेला. आता कसा लख्ख दिसतय. उघारी, वलन, सगला." त्यांनी आयेच्या पाठीवर थाप मारली. लोकांसमोर किंवा पोरीसमोर बायकोला हात लावणारा माणूस नव्हता तो. मग ते हातपाय धुवायला गेले. गुणगुणत गेले.

आये चुलीपाशी येऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले. वालाची भाजी शिजत होती, तिच्यावरचं झाकण थडथडत होतं. आयेने मला विचारलं, "तुना दिसला होता काय?" मी म्हटलं, "नाय." ती म्हणाली, "मना पन नाय." बाबा खोटं बोलले होते, की त्यांना आधीच्या आणि आताच्या काचेतला फरकच कळला नव्हता? आयेचं मन राखायला म्हणाले, की स्वतःचं? मी आज इतकी म्हातारी झाले, पण त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही. तेव्हा मात्र एवढंच कळत होतं की उद्या दुपारी उधाण आहे, माचीवर बाबा बसणार आहेत आणि सगळं गाव त्यांच्या भरवशावर जेवायला बसणार आहे. "आये, नारायणकाकांना सांगू काय?" मी विचारलं. आयेने माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली. "आपुन जाऊ," ती म्हणाली. "बांधावर. त्यांना बोलायचा नाय. गवत कापाला जातू म्हनायचा."

सर्वपित्रीच्या दिवशी आये पहाटे उठली. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, गवार, सगळं लवकर आटपून पितरांचं पान कौलावर ठेवलं आणि कावळ्यांना हाक मारली. ऊन कडक होतं. बाबा जेवून, दुर्बीण गळ्यात घालून माचीवर गेले. पितरांच्या दिवशी बायको आणि पोरगी गवताला का निघाल्यात, हे त्यांनी विचारलं नाही. आयेने लाल लुगडं नेसलं होतं, तिच्याकडचं सगळ्यात भडक. वाटेत मला म्हणाली, "लाल लांबून दिसतो." बांधावर पोचलो तेव्हा खाडी काठोकाठ आली होती. एका बाजूला पाणी आमच्या तळपायांच्या जेमतेम वीतभर खाली, गढूळ, गप्प, फुगत चाललेलं, आणि दुसऱ्या बाजूला खाली, पुरुषभर खाली, भाताची पोपटी लोंबी. आम्ही विळा हातात घेऊन, वाकून, आतल्या उताराची माती बघत चाललो. पहिलं वळण कोरडं. उघाडी ठीक. आये पुढे, मी मागे. दुसऱ्या वळणापाशी आये थांबली. उतारावर काळा डाग होता, सुपाएवढा, आणि त्याच्या मधून बोटभर पाणी बुडबुडत येत होतं.

आयेने विळा टाकला आणि उतारावर उतरून दोन्ही हातांनी माती ओढून त्या भोकावर दाबायला लागली. मीही. पण माती दाबली की पाणी बाजूने यायचं, ती बाजू दाबली की खालून. नारायणकाकांच्या शेतात पाणी उतरत होतं. आये बांधाच्या माथ्यावर चढली, माचीकडे तोंड करून उभी राहिली आणि उजवा हात वर करून हलवायला लागली. माची तिथून स्वच्छ दिसत होती. पेंढ्याचं छप्पर, त्याखाली बाबा बसलेले, दोन्ही कोपर वर, दुर्बीण डोळ्यांना. त्यांचं तोंड सरळ आमच्याकडे होतं. आये हात हलवत होती. मग तिने पदर सोडून हातात घेतला आणि तो डोक्यावर फिरवायला लागली, लाल, उन्हात पेटल्यासारखा. "बगा ना," ती म्हणत होती, ओरडून नाही, हळू, जणू बाबा शेजारी उभे आहेत. "बगा ना इकरं. बगा." बाबा आमच्याकडेच बघत होते. रुळाचा आवाज येत नव्हता. तो क्षण मला अजून सहन होत नाही. आयेचा हात थांबत नव्हता, आणि मी तिच्या पायाशी चिखलात बसून एकदा तिच्याकडे आणि एकदा माचीकडे बघत होते, आणि मला रडू फुटलं. तेव्हा कुठे तिने हात खाली घेतला. "पल," ती म्हणाली. "बाबाला सांग." आणि स्वतः खाली उतरून त्या भोकाला पाठ लावून, पाय रोवून बसली.

मी कशी पळाले ते मला आठवत नाही. टेकडी चढून माचीपाशी आले तेव्हा छाती फुटत होती. बाबांनी दुर्बीण खाली केली नाही. पावलं ऐकून म्हणाले, "कोन?" मी म्हटलं, "बाबा, पानी." ते म्हणाले, "कुठं?" आणि मी सांगितलं, दुसऱ्या वळणाशी, आये भोकाला पाठ लावून बसलीय. त्यांनी दुर्बीण त्याच दिशेला धरली होती. ती तशीच धरून ते एक श्वास बसून राहिले. मग उठले आणि हातोडा घेऊन रुळावर असे घाव घातले की टेकडीवरचे कावळे उठले. खाली गावातून माणसं भरल्या ताटांवरून उठून धावत आली, कुणाच्या हाताला खीर, कुणी धुतल्या धोतरात. पेंढा, केळीचे खांब, चिखलाचे गोळे, हातोहात. बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून टेकडी उतरले आणि त्या रांगेत उभे राहिले. आलेला गोळा छातीशी धरून पुढच्याला देत होते. ओहोटी लागेपर्यंत काम चाललं. नारायणकाकांच्या एका शेताचा कोपरा खारा झाला. बाकी गाव वाचलं.

चिखलाने माखलेले सगळे बांधावर बसले तेव्हा नारायणकाका बाबांच्या जवळ आले. "दामू," ते म्हणाले, "येलंवर पायलास रे बाबा. मी उगाच तुना बोललू. तुझी नजर म्हंजे घारीची." सगळ्यांनी माना हलवल्या. बाबांनी गप्प बसायचं होतं, एवढंच. मी मनात म्हणत होते, गप्प बस बाबा, गप्प बस. बाबा म्हणाले, "मी नाय पायला. पोरीनं न तिच्या आयेनं पायला. मना दिसत नाय, नारायन. साल झाला." नारायणकाका बाबांच्या शेजारी चिखलात बसले आणि त्यांनी आपल्या चंचीतलं पान काढून बाबांच्या हातात दिलं. आये थोडी दूर, बांधाला पाठ टेकून बसली होती. तिने ओल्या पदराने तोंड झाकून घेतलं, आणि तिचे खांदे हलताना मला दिसले.

पुढे मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, उशीर केलात. एक डोळा जाड भिंगाच्या चष्म्याने थोडाफार परत आला, दुसरा नाही. होळीला राखण दुसऱ्या घराला गेली, कुणी वाईट बोललं नाही, आणि पहिला जिताडा त्यांनी आमच्याकडे पाठवला. आता तो बांधही अर्धा भरावाखाली गेलाय, वर गोदामं उभी आहेत, दिवसभर ट्रक चालू असतात. पण ते सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. सकाळचंच होतं, गार वडे आणि भात. आयेचा उजवा खांदा सुजला होता. हात छातीच्या वर जात नव्हता, विहिरीचं पाणी मीच आणलं होतं. बाबांनी ताटाची कड चाचपली, पण घास घेतला नाही. मग म्हणाले, "हिरूची आये, एक इचारू? तू बांधावर होतीस तवा माझ्याकरं हात केलतास काय?"

मी आयेकडे पाहिलं. ती म्हणाली, "नाय बा. मना कुठं येल होता हात कराला? पानी दिसला तशी पोरीलाच धारली."

"मंग ठीक हाय," बाबा म्हणाले. त्यांनी मोठा श्वास सोडला आणि ताट पुढे केलं. "भात वार थोरा."

आयेने डाव्या हाताने भात वाढला. बाबांना तेही दिसलं नाही.